अंदमानहून आल्यावर

रिक्षा दारात थांबली तेव्हा कुंदावन्सं फाटकातच उभ्या होत्या. सकाळचे साडेसात वाजले असतील. त्यांची बॅग भरून पायरीवर ठेवलेली होती.

"आलात? बरं झालं. मला नऊची इचलकरंजी गाडी मिळेल," त्या म्हणाल्या.

"असं काय करतेस ताई? आम्ही आत्ता तर येतोय," हे रिक्षातून सामान काढता काढता म्हणाले. "आजचा दिवस राहा. उद्या मी स्वतः सोडतो स्टँडवर."

"नको रे. घरी कामं पडलीत."

"एक दिवसानं काय होतंय? सरोज, तू सांग तिला."

मी म्हणाले, "राहा हो वन्सं. शिंपल्याचं काय काय आणलंय तुमच्यासाठी, ते तरी बघा." खरं तर त्या राहिल्या तर मला एक दिवस जास्त मिळणार होता. म्हणून म्हणाले.

वन्सं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काळी झालीस," म्हणाल्या, आणि बॅग उचलून आत गेल्या.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. कुंदावन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. आम्ही कराडला राहायचो, हे तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याजवळच होत्या. त्याच्या सहा वर्षं आधी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही गेलं, एकच शब्द राहिला, 'बाई'. भूक लागली तरी बाई, दुखलं तरी बाई, राग आला तरी बाई. डावा हात तेवढा शाबूत होता, आणि सगळ्या अंगाची ताकद जणू त्या एका हातात येऊन बसली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, लंगोट बदलायचे. हे सगळं मी करायचे. हे रोज संध्याकाळी आईच्या उशाशी बसून दहा मिनिटं पेपर वाचून दाखवायचे. ते अगदी मनापासून वाचायचे, हेही सांगायला हवं.

वन्सं दिवाळीला दोन दिवस यायच्या, आईच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि मला सांगायच्या, "पावडर जरा जास्त लावत जा गं, पाठ लालसर दिसतेय." मी हो म्हणायचे. त्यामुळे आमच्या मुलीनं, केतकीनं, पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी आम्हाला अंदमानची सहल दिली आणि आत्यालाच, म्हणजे वन्संना, आठ दिवस आजीजवळ राहायला पटवलं, तेव्हा मनातल्या मनात मला थोडं बरं वाटलं होतं. बघू दे म्हटलं, पावडर किती लागते ते.

अंदमानात पहिले दोन दिवस मी पाचलाच उठून पलंगावर नुसती बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी नील बेटावर गेलो. सुपारीच्या बागेत लॉज, तिथून चालत पाच मिनिटांवर समुद्र. ताटात कुणीतरी गरम पोळी वाढत होतं आणि ती मी गरम असतानाच खात होते. पाचव्या दिवशी दुपारी जेवून पडले ती साडेचारला उठले. उठल्यावर क्षणभर आपण कुठं आहोत, कुणाच्या कोण आहोत, काही आठवेना. इतकं हलकं मला लग्नाआधीही कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वाळूवरून चालताना मी यांना म्हणाले, "परत जाऊच नये असं वाटतंय."

हे हसले. "सगळ्यांनाच वाटतं. समुद्र आहेच तसा."

त्यानंतर मी घरी फोन केला नाही. यांनी विचारलं तर म्हणाले, रेंज नाही. लॉजच्या मालकाकडे चांगला चालणारा फोन होता.

तर त्या सकाळी घरात शिरले तेव्हा पायाखालची फरशी हलत होती. बोटीचं डोलणं अजून अंगातून गेलं नव्हतं. चूळ भरून आत्याबाईंच्या खोलीकडे गेले आणि दारातच थबकले. वास आला. सहा वर्षं मी त्या खोलीत दिवसातून वीस वेळा जात होते, पण तो वास मला कधी आला नव्हता. म्हणजे येत असणार, कळत नव्हता. आठ दिवसांत नाक नवं झालं होतं. फिनेल, ओले कपडे, औषधं आणि त्याखाली ते दुसरं. मी चौकट धरून उभी राहिले. पाऊल आत पडेना.

आत्याबाई झोपल्या होत्या. अंगात केतकीचा जुना, लांब बाह्यांचा स्वेटर होता. वर पंखा चालू होता.

"स्वेटर का हो घातलाय?" मी विचारलं.

"गारठते ती सकाळची," वन्सं मागून म्हणाल्या. "झोपू दे. आज मी पुसून घेतलंय तिला, भरवलंय. तू दमून आलीयस. उद्यापासून बघ."

पंखा चालू आणि अंगात स्वेटर, हे मला दिसलं होतं. पण 'उद्यापासून' हा शब्द कानाला इतका गोड लागला की मी पुढं काही विचारलं नाही. दार लोटून स्वयंपाकघरात आले.

दिवसभर मी त्या घरात पाहुणीसारखी वावरले. कपड्यांच्या घड्यांमधून वाळू पडत होती, ती झाडून काढली. कुकर लावायचा तर डाळीचा डबा कुठं ठेवतो ते आठवेना. फोटो बघायला शेजारच्या माने वहिनी येऊन गेल्या, "आता ताज्यातवान्या होऊन लागा कामाला," म्हणाल्या. दुपारी मी पडले आणि तिथल्यासारखीच गाढ झोपले. जाग आली ती आतल्या खोलीतून येणाऱ्या आवाजानं. "बाई, बाई, बाई." वन्संचा आवाज हळू होता, "हो गं, हो गं, झालं." मी डोळे मिटून घेतले. जागी असून उठले नाही. लग्नानंतर असं मी पहिल्यांदा केलं.

संध्याकाळी जेवताना हे बेटांच्या गोष्टी सांगत होते. काचेच्या तळाची होडी, निळे मासे, पाण्यात उतरायला मी कशी घाबरले आणि मग बाहेर यायला कशी तयार नव्हते. वन्सं ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती आणि उजव्या हातावर कोपरापर्यंत नखांचे ओरखडे होते. यांना ते दिसले नाहीत. मला दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला. हे अजून सुट्टीच्या मूडमध्ये होते. म्हणाले, "आज पाण्याची बादली मी आणून देतो." असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"सरोज, मी करते की," वन्सं लगबगीनं आल्या. "जाण्याआधी एकदा मीच पुसते तिला."

"असू द्या. आता माझंच आहे ते," मी म्हणाले.

त्या दारातच थांबल्या. मी स्वेटरची डावी बाही काढली. मनगटाभोवती चार बोटं रुंद काळानिळा पट्टा होता. एका बाजूला कातडी सोलवटली होती आणि त्यावर हळद लावलेली होती.

हे बादली घेऊन मागेच उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली. "हे काय झालं?" म्हणाले.

आत्याबाई छताकडे बघत होत्या.

"ताई, काय झालं हे?"

"बांधला होता हात," वन्सं म्हणाल्या.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं उभे होतो. बसायचं कुणाला सुचलं नाही. यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"आई आहे ती तुझी."

"माहीत आहे."

"जनावर बांधतात तसं बांधलंस?"

"उदय, मी सांगते ते एकदा ऐक, मग काय बोलायचं ते बोल. तिसऱ्या दिवशी तिनं लंगोट ओढून काढला आणि सगळं भिंतीला, चादरीला, तोंडाला लावलं. मी पुसलं. अर्ध्या तासानं पुन्हा. पुन्हा पुसलं. मी पुसत होते तेव्हा तिनं माझे केस धरले, सोडेचना. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, माझे गुडघे वाकत नाहीत. तिसऱ्यांदा तिनं तेच केलं तेव्हा मी हात बांधला. अंघोळ करून येईपर्यंत म्हणून बांधला. अंघोळ करून आले आणि तिथंच बाहेर बसून राहिले. मग रोजच बांधायला लागले."

"फोन का नाही केलास?"

"केला होता. लागला नाही." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"सरोज सहा वर्षं करतेय," हे म्हणाले. "एकटी. एका शब्दानं तक्रार नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे. महिला मंडळानं बोलावून सत्कार केला तिचा. आणि तुला आठ दिवस झेपलं नाही?"

मग वन्संनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खूप थकलेल्या माणसानं बाकावर बसायला जागा मागावी, तसं.

"सरोज," त्या म्हणाल्या, "तू सांग. तू कधी नाही बांधलंस?"

"तिचं नाव मध्ये आणू नकोस," मी तोंड उघडण्याआधी हे म्हणाले. "तुझी आणि तिची बरोबरी नाही."

मी खाली बघत राहिले.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग राहू दे."

त्यांनी बॅग घेतली. आईजवळ गेल्या, कपाळावरून हात फिरवला आणि एकट्याच चालत निघाल्या. हे त्यांना सोडायला गेले नाहीत. फाटकापर्यंत जाऊन एवढंच म्हणाले, "पुन्हा या घरात येऊ नकोस ताई." मी शिंपल्याची पिशवी हातात घेऊन व्हरांड्यात उभी होते. ती द्यायचीही राहिली.

दुपारी मी आत्याबाईंची चादर बदलायला घेतली. गादीचा पलंगाच्या कडेचा कोपरा उचलला आणि हात आत घातला. तिथं असायला हवी होती ती पट्टी नव्हती. जुन्या सुती लुगड्याची पट्टी. ती घडी घालून उशीखाली ठेवलेली सापडली. वन्संनी धुऊन, घडी घालून ठेवली होती.

ती पट्टी माझी होती.

दोन वर्षांपासून मी आत्याबाईंचा हात बांधत होते. पहिल्यांदा बँकेत जायचं होतं तेव्हा. मग दळण आणायला जाताना. मग अंघोळीच्या वेळी. मग कधी कधी कारण नसताना, नुसतं व्हरांड्यात जाऊन अर्धा तास बसता यावं म्हणून. पट्टी पलंगाच्या कडेच्या दांडीला कायमची अडकवलेली असायची आणि गादीखाली दडवलेली असायची. मनगटाला आधी मऊ फडकं गुंडाळायचं आणि मग आत दोन बोटं जातील एवढी सैल गाठ मारायची, म्हणजे वळ उठत नाही. हे येण्याआधी सोडायची. मला गाठ मारता येत होती, वन्संना येत नव्हती. आमच्या दोघींत फरक तो एवढाच.

आणि वन्संना हे माहीत होतं. गादीखाली पट्टी सापडल्यावरच त्यांना ते सुचलं असणार. भावासमोर त्या एका शब्दानं सगळं सांगू शकल्या असत्या. त्यांनी मला फक्त विचारलं, आणि मी बोलले नाही तेव्हा गप्प राहून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि निघून गेल्या.

मी पट्टी हातात घेऊन आत्याबाईंजवळ बसले. त्यांनी पट्टी पाहिली आणि डावा हात हळूच पोटाखाली सरकवला. मारायला उचलला नाही, लपवला. सहलीआधीही त्या असंच करायच्या. तेव्हा मला वाटायचं, शहाण्या होऊन पडून राहतात.

संध्याकाळी हे पेपर वाचायला बसले नाहीत. केतकीला फोन लावून बैठकीत बसले. मी भाजी निवडत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्या आत्यानं काय केलं माहीत आहे? मला सांगायलासुद्धा लाज वाटते. तुझ्या आईच्या पायाची सर नाही तिला..."

मी उठले. हात पुसले की नाही आठवत नाही. यांच्या हातातून फोन घेतला.

"केतकी, मी बोलतेय. आत्यानं आजीचा हात बांधला होता. मी दोन वर्षं बांधतेय."

ती म्हणाली, "आई, काय बोलतेस तू?"

"खरं तेच बोलतेय. आत्याला फोन कर. तिला सांग, मी सांगितलंय म्हणून."

फोन ठेवला तेव्हा हे माझ्याकडे बघत होते. हा माणूस पंचवीस वर्षं माझ्या शेजारी झोपला होता आणि त्या वेळी मी त्यांना अनोळखी दिसत होते.

"खोटं बोलतेस," ते म्हणाले. "ताईला वाचवायला."

मी पट्टी आणून त्यांच्यासमोर ठेवली. कशी बांधायची तेही सांगितलं, दोन बोटांसकट. ते पट्टीकडे बघत राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही सगळ्यांना सांगत होता, सरोज देवमाणूस आहे म्हणून."

"एका शब्दानं तरी..."

"सांगितलं होतं. नील बेटावर. परत जाऊ नये असं वाटतंय म्हटलं होतं. तुम्हाला वाटलं, मला समुद्र आवडला."

ते उठून बाहेर गेले. दोन दिवस बोलले नाहीत. जेवायचे, ताट उचलून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवत होते तर मागे येऊन उभे राहिले.

"आज मी करतो," म्हणाले.

"तुम्हाला नाही जमणार."

"बघू."

मी व्हरांड्यात जाऊन बसले. आतून आधी बादलीचा आवाज आला, मग "बाई, बाई", मग यांचा समजुतीचा आवाज, वर्गात मुलांना समजावतात तसा. मग तो आवाज बदलला. "आई, हात सोड. सोड म्हणतोय ना." मग फाट्‌ असा एक आवाज आला आणि सगळं शांत झालं. मी धावत गेले. आत्याबाईंचा हात उशीवर पडलेला होता, त्यावर तांबडी बोटं उमटत होती. हे भिंतीला टेकून उभे होते, शर्ट छातीपर्यंत घाणीनं माखलेला.

"मी मारलं तिला," ते म्हणाले.

दोघांनी मिळून आत्याबाईंना पुसलं, कपडे घातले. त्यांच्या तांबड्या झालेल्या हातावर यांनी बराच वेळ आपला हात धरून ठेवला. आत्याबाईंनी तो धरू दिला.

पुढच्या रविवारी मी एकटीच इचलकरंजीला गेले. आठवडाभर वन्संनी माझा फोन उचलला नव्हता. दार त्यांनीच उघडलं. मला बघून बाजूला झाल्या.

"बस. चहा ठेवते."

"वन्सं, मी त्यांना सगळं सांगितलं."

"केतकी म्हणाली." त्या गॅससमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. "कशाला सांगितलंस? मी वाईट ठरलेच होते. तुमचं तरी नीट चाललं होतं."

"तुम्ही का नाही बोललात तेव्हा?"

त्यांनी कप विसळले, पुसले. मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी पट्टी हाताला लागली. आधी इतका राग आला तुझा. ठरवलं, तुम्ही आलात की उदयला दाखवायची. आणि तिसऱ्याच दिवशी तीच घेऊन मी बांधत होते. मग कुठल्या तोंडानं दाखवणार? उलट वाटलं, सरोजसारखीला बांधावं लागलं, तर आपण काय अगदीच राक्षस नाही. मला त्याचा आधार वाटला गं. तोच तुझ्याकडे मागत होते त्या दिवशी."

"आणि मी दिला नाही."

"नाही दिलास," त्या म्हणाल्या, आणि चहा गाळला.

आम्ही चहा घेतला. निघताना त्या म्हणाल्या, "दर महिन्याला मी आठ दिवस येत जाईन. उदय नको म्हणाला तरी येईन." हे नको म्हणाले नाहीत. स्टँडवर आणायला स्वतः गेले. बहीण-भाऊ घरी येईपर्यंत काय बोलले ते मला कुणीच सांगितलं नाही. सकाळच्या कामाला एक बाई ठेवली. दुपारची शाळा मागून घेऊन यांनी सकाळचा एक भाग आपल्याकडे घेतला. मी आठवड्यातून दोनदा दुपारी झोपायला लागले.

त्यानंतर कुणी कधीच बांधलं नाही, असं मी सांगणार नाही. आम्ही तिघांनी एवढंच ठरवलं होतं की बांधलं तर सांगायचं. सांगावं लागतं म्हटल्यावर पट्टी फार कमी वेळा हातात घेतली जायची.

आत्याबाई पुढं चौदा महिने होत्या. त्या गेल्या त्याच्या आधीच्या पावसाळ्यात एकदा मी बाजारातून आले तर हे फाटकात उभे होते. माझ्या हातातली पिशवी घेतली नाही, नुसते उभे राहिले.

"सरोज, आज मी बांधलं," म्हणाले.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. मग सोडलं. सोडल्यावर ती माझ्याकडे बघत होती."

"तुम्ही काय केलंत?"

"सांगितलं तिला. म्हटलं, आई, मी दमलो होतो." ते फाटकाची कडी धरून बोलत होते. "तिनं हात वर केला. मला वाटलं मारतेय. मी गाल पुढे केला."

"मग?"

"नाही मारलं," हे म्हणाले. आणि तिनं हात कुठं ठेवला ते आपल्या गालावर हात ठेवून दाखवलं. मी फाटक लावून घेतलं आणि आम्ही आत गेलो. आत्याबाईंची कूस बदलायची वेळ झाली होती.